तीन आठवडे दाणा कोण घालणार?



  पशुवैद्यकांच्या संमेलनात वर्षभराच्या कामाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा असा शिरस्ता आहे. तो छापील अहवालात तुमच्या हाती आलाच आहे. माझा वेळ मी घोड्यांच्या इन्फ्लुएंझासाठी वापरणार आहे. एक प्रश्न तरुणपणापासून माझी पाठ सोडत नाही.

१९८७ साली मी शिकायला उत्तरेत होतो. लुधियानाला ज्याची ओळख पटली त्या एच३एन८ विषाणूची साथ तेव्हा जोरात होती. टांग्याच्या अड्ड्यावर एका म्हाताऱ्याने आपली पांढरी घोडी दाखवली. ताप १०६, कोरडा खोकला, नाकातून पाणी. पुस्तकात लिहिलं होतं तेच मी सांगितलं : तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा विसावा. ताप तीन दिवस होता. त्याने विचारलं, “तीन आठवडे हिला दाणा कोण घालणार? आणि माझ्या घरात?” मी गप्प राहिलो. नवव्या दिवशी घोडी टांग्याला जुंपलेली असतानाच कोसळली. शवविच्छेदन मीच केलं. फुफ्फुसं पुवाने भरलेली होती. नोंदवहीत मरणाचं कारण ‘इन्फ्लुएंझा’ असं लिहिलं. ती नोंद अपुरी होती, हे मला लिहितानाच कळत होतं.

२००८ ची साथ कटऱ्याला, वैष्णोदेवीच्या पायथ्याशी दिसली. २०२५ मध्ये रुद्रप्रयाग जिल्ह्यात, केदारनाथ यात्रेच्या तोंडावर. दोन्हीकडे जनावर चढणीवर रोजाने राबणारं, आणि मालकाची वर्षाची कमाई यात्रेच्या थोड्या महिन्यांत. खोकणारं खेचर तो लपवणार नाही तर काय करणार? ग्लँडर्स या अश्वरोगात जनावर मारावं लागलं तर भरपाईची सोय आहे. इन्फ्लुएंझाचं जनावर बहुधा वाचतं, फक्त त्याला बसवून ठेवावं लागतं, आणि त्या बसवण्याचे पैसे कुणी देत नाही. मेलेल्याची किंमत आपण ठरवली, जगू शकणाऱ्याची ठरवली नाही!

सकाळच्या सत्रात वाद रंगला : साथ सुरू झाल्यावर लस टोचावी की नाही? ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये बाधित पट्ट्याच्या भोवती लसीचं कडं केलं आणि वर्षअखेरीस साथ आटोक्यात आणली. पण माझं उत्तर त्याहून जुनं आहे. एका संध्याकाळी मी खोकणाऱ्या तबेल्यातून निघून त्याच कोटात, त्याच बुटांनी, शेजारच्या निरोगी तबेल्यात टोचायला गेलो. तिसऱ्या दिवशी तिथला पहिला घोडा खोकला. विषाणू माझ्या हातांवरून, कोटावरून गेला याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून सांगतो, टोचा, जरूर टोचा, पण साथ पोचली नाही त्या गावापासून सुरुवात करा. आजारी तबेल्यात सगळ्यांत शेवटी जा, कपडे बदलून. तिथे बादली वेगळी, तोबरा वेगळा, मोतद्दारही वेगळा हवा. पहिल्या टोचणीने लगेच संरक्षण मिळत नाही. चार ते सहा आठवड्यांनी दुसरी आणि त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी तिसरी द्यावी लागते. म्हणजे लसीची वेळ साथीआधीची.

हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आपल्याच मातीतल्या विषाणूपासून लस बनवली. शर्यतीच्या घोड्याचं लसीचं पुस्तक चोख असतं. माथेरानच्या लाल वाटेवर पर्यटक वाहणारं तट्टू, वरातीची घोडी, जेजुरीच्या बाजारात उभं असलेलं गाढव यांच्यापैकी किती जणांचं असं पुस्तक मी पाहिलं? बोटांवर मोजण्याइतक्यांचं. आणि गाढवाला हा आजार घोड्यापेक्षा जड जातो.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी दूरदूरच्या प्रांतांतले घोडे एका दोरीला उभे राहतात. एक खोकला पुरे आहे. यात्रेच्या दोन महिने आधी तिथे येणाऱ्या घोड्यांना टोचण्या सुरू व्हाव्यात, आणि खोकणाऱ्या जनावराच्या मालकाला रोजचा दाणा-चारा व मजुरी देणारा निधी आपण उभारावा, असा माझा प्रस्ताव आहे. रक्कम किती, ती कोण गोळा करणार, तपासणी कोण करणार, हे कार्यकारिणीने बसून ठरवावं. माझ्या पहिल्या महिन्याच्या पेन्शनचा धनादेश मी सोबत आणला आहे. तो कोषाध्यक्षांच्या हाती देतो आणि खाली बसतो.