जुन्नरच्या लेण्यांतील यवन उपासक
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या तरुणांनी आम्हाला 'प्राचीन ग्रीस' हा विषय दिला तेव्हा काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ग्रीसशी काय करायचंय? आमचं शिक्षण शाळेत थोडं आणि गिरणीच्या पाळ्या सांभाळून वाचनालयात जास्त झालं. त्या वाचनातून एक कळलं, की ग्रीस शोधायला बोटीनं जायला नको. घोडेगावहून, ओतूरहून एस.टी. धरावी आणि जुन्नरला उतरावं.

शिवनेरी म्हटलं की आपल्याला १६३० सालचा शिवजन्म आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. पण त्याच डोंगराच्या कड्यात त्याआधी दीड हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात 'यवन चिट' या माणसानं संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. समोर मानमोडीच्या डोंगरात एका चैत्याचा दर्शनी भाग 'यवन चंद' याचं दान. आणि जुन्नरच्याच लेण्यांतला तिसरा यवन इरिल. त्याच्या लेखात शब्द आहेत 'बे पोढियो', म्हणजे पाण्याची दोन टाकी. पोढी हा शब्द डोंगर-किल्ले फिरणारे आजही वापरतात. आणि 'बे' तर आपल्या पोरांच्या पाढ्यातलाच, बे एके बे! एक परदेशी माणूस आपल्या भाषेच्या पणजीत दान लिहून गेला.

यवन म्हणजे कोण? पुढच्या काळात हा शब्द मुसलमानांना लावला गेला, पण मूळ अर्थ ग्रीक. ग्रीकांच्या आयोनिया प्रांतावरून इराणी लोक त्यांना 'यौन' म्हणत. पालीत 'योन' झाला, संस्कृतात यवन. नंतर पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही तो शब्द चिकटला असावा, म्हणून इरिलचा आजोबा अथेन्सचाच होता असा आमचा दावा नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात माल उतरे, नाणेघाट चढून जुन्नरला येई. त्या वाटेनंच ही माणसं आली असावीत.

हे ग्रीक लोक कसे होते? लढवय्ये. इराणच्या बादशहाला त्यांनी इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला आणि ४८० मध्ये सॅलॅमिसच्या समुद्रात हरवलं. मग आपसातच, अथेन्स आणि स्पार्टा, ४३१ ते ४०४ लढत बसले. भाऊबंदकी काय फक्त आपल्याच गावात असते? सॉक्रेटिस चौकात उभा राहून प्रश्न विचारी, त्याला ३९९ मध्ये विषाचा पेला दिला. प्लेटोनं समाजाचे तीन वर्ग पाडले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याबरोबर प्लेटोलाही सोडलेलं नाही. प्रत्येक माणूस वेगळा असतो, हे त्याला दिसलंच नाही, असा तो आक्षेप. आणि अ‍ॅरिस्टॉटल, शिकंदराचा गुरू, म्हणाला की काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात. तेव्हा ग्रीस म्हणजे समतेचा स्वर्ग होता, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

पण भगवान बुद्धांनी या योनांचा दाखला कशासाठी दिला ते पाहा. मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. सोळा वर्षांचा ब्राह्मण तरुण अस्सलायन वाद घालायला येतो की ब्राह्मणच श्रेष्ठ. बुद्ध त्याला विचारतात, योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ग आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकलंस का? ऐकलंय, म्हणाला. मग तुझे चार वर्ण सगळ्या जगाचे कसे? तिथली गुलामगिरी बुद्धांनी चांगली म्हटली नाही. फक्त एवढंच दाखवलं, की वर्ण ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे आणि देशोदेशी ती बदलते. आम्हाला वाटतं, जातीविरुद्ध याहून साधा युक्तिवाद सापडणं कठीण.

पुढे सम्राट अशोकानं आपल्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावं कोरली. कंदाहारला १९५८ मध्ये त्याचा ग्रीक भाषेतला लेख मिळाला. महावंस सांगतो, की आपल्या कोकणाकडे, अपरांतात, धम्म घेऊन आलेले थेर धम्मरक्खित हे योन होते! आणि मिलिंद? ग्रीक राजा मिनँडर. आपल्या गल्लीत हाक मारा 'ए मिलिंद', दोन-तीन पोरं तरी वळून पाहतील. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, त्याला पुढे मिलिंद नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. राजाला भन्ते नागसेन म्हणाले, पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलू, राजासारखा नाही. पंडित हरला तरी रागावत नाही, राजा दंड देतो. मिलिंदानं ते मान्य केलं. अथेन्सनं प्रश्न विचारणाऱ्याला मारलं, या ग्रीकानं उत्तर देणाऱ्याला गुरू केलं.

आता परत इरिलच्या पोढीकडे. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती कोरली आहे. शक-यवन-पहलवांचा नाश करणारा आणि चार वर्णांचा संकर थांबवणारा. गंमत म्हणजे हा लेख ज्या लेण्यात आहे ते लेणंही भिक्खूंनाच दान दिलेलं. म्हणजे वर्ण राखण्याची भाषा तेव्हाही होतीच. तरी ज्याला कुठल्याच वर्णात जागा नव्हती अशा यवनानं खोदवलेल्या टाक्याचं पाणी भिक्खू संघानं घेतलं. कोणी म्हणालं नाही की बाटलं. आणि त्याच सह्याद्रीपलीकडे महाडला, २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी आपल्या बापजाद्यांना बाबासाहेबांच्या मागे जावं लागलं. वर परत येताना डोकी फुटली. मधल्या काळात पाण्याला काय झालं, हा प्रश्न आम्हाला इरिलचं नाव वाचल्यापासून सुटत नाही.

आपलेच लोक या लेण्यांना पांडवांची लेणी म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. म्हणून तरुण मंडळाला विनंती, पाऊस संपला की मुलांना घेऊन जा. वाट निसरडी आहे, मोहोळंही असतात, मोठी माणसं बरोबर ठेवा. अक्षरांवर खडू घासू देऊ नका. वहीत आधी तीन अक्षरं काढून न्या. 'य' बोटीच्या नांगरासारखा. 'व' खाली गोल किंवा त्रिकोण आणि वर काठी. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. ही तीन अक्षरं भिंतीवर कोण आधी शोधतो ते पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!