मूल माती खाते तेव्हा



लहान मूल रांगू लागले की घरातील जमिनीवर त्याची सत्ता सुरू होते. आपल्याला जे कधी दिसले नाही ते त्याला दिसते: सतरंजीखाली गेलेले बटण, भिंतीचा सुटलेला पोपडा, कुंडीतून सांडलेली माती, वडिलांच्या जोड्याला चिकटून आलेला खडा. आणि हाती लागलेल्या प्रत्येक वस्तूचा पुढचा मुक्काम तोंडात असतो. आई धावते, वस्तू काढून घेते, दोन शब्द रागाचे बोलते. मूल घटकाभर रडते आणि नव्या शोधास लागते. साताऱ्याच्या वाड्यात काय आणि दिल्लीत द्वारकेच्या सातव्या मजल्यावरील घरात काय, हा प्रकार सारखाच.

तो नवाही नाही. गोकुळातील पोरांनी यशोदेकडे हीच कागाळी नेली होती. भागवतातील ती कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु तीत व्यवहाराचीही एक गोष्ट आहे. यशोदा रागावली खरी, पण तोंड उघडून दाखव, असेही तिने म्हटले. आज आपणांसही तेच करावयाचे आहे. मूल काय खाते, किती खाते, किती दिवस खाते आणि कोणत्या वयात खाते, हे आधी पाहावयाचे. राग त्यानंतर, आणि बहुधा त्याची गरजच उरत नाही.

पहिल्या दीड-दोन वर्षांत वस्तू तोंडात घालणे हा मुळी दोष नव्हेच. ओठ आणि जीभ यांची स्पर्शशक्ती तान्ह्या वयात फार तीव्र असते. हाताची बोटे अजून अनाडी असतात, भाषा तर नसतेच. वस्तू मऊ की कठीण, गार की कोमट, गोल की कंगोऱ्याची, हे मुलाला तोंडच सांगते. शिवाय दात येताना हिरड्या शिवशिवतात. अशा वेळी मूल माती चाखते, तोंड वेडेवाकडे करते आणि थुंकून टाकते. ही परीक्षा झाली. हा आहार नव्हे.

परंतु दोन वर्षे उलटली, मूल चालू-बोलू लागले, घास आणि खडा यांतील भेद त्याला कळू लागला, आणि तरीही ते मुद्दाम कोपरा गाठून माती खाते, भिंतीचा गिलावा नखाने खरवडते, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख किंवा विटेचा तुकडा चघळते, आणि हा क्रम महिनाभर चालतो, तर त्याला खोड म्हणून सोडून देऊ नये. पाश्चात्त्य वैद्यकाने ह्या विकाराला ‘पायका’ असे नाव दिले आहे. ‘पायका’ हे एका पक्ष्याचे लॅटिन नाव. हा पक्षी वाटेल ते खातो, अशी त्याची ख्याती.

आपल्याकडे ह्या गोष्टीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील पाचवा मृद्भक्षणाने, म्हणजे माती खाल्ल्याने, होणारा आहे. माती पचत नाही, ती शरीरातील मार्ग अडविते आणि मनुष्य निस्तेज, पांढुरका होतो, असे तेथील निरीक्षण आहे. माती खाणे आणि अंगातील रक्त कमी होणे यांची जोडी त्या काळी ओळखली गेली होती, ही गोष्ट लहान नाही.

आजचे शास्त्र ह्या जोडीची दुसरी बाजू दाखविते. माती खाल्ल्याने रक्त कमी होते, तसे रक्त कमी असल्यानेही माती खावीशी वाटते. शरीरात लोहाचा तुटवडा पडला की कित्येकांना माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ यांची विलक्षण ओढ लागते. गर्भवती स्त्रियांचे मातीचे डोहाळे आपल्या परिचयाचे आहेत. कालिदासाने रघुवंशात सुदक्षिणा राणीलाही ते लावले आहेत. ही ओढ नेमकी कशी उत्पन्न होते, याचा पूर्ण उलगडा शास्त्राला अद्याप झालेला नाही. परंतु लोह मिळू लागले की पुष्कळदा ती थोड्याच दिवसांत ओसरते. दुर्दैव असे की, मातीने ही उणीव भरून येत नाही. काही प्रकारच्या माती तर अन्नातील लोह धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. म्हणजे उणिवेमुळे माती खावी आणि मातीमुळे उणीव वाढावी, असे हे रहाटगाडगे आहे.

ही उणीव किती पसरलेली आहे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील, सहा महिन्यांवरील मुलांपैकी शेकडा ६७ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. दिल्लीत हे प्रमाण शेकडा ६९ च्या आसपास होते, आणि महाराष्ट्रातही जवळजवळ तेवढेच. राजधानीचे वैभव आणि रुग्णालये यांनी ह्या आकड्यात फरक पडलेला नाही.

हा केवळ दारिद्र्याचा प्रश्न आहे, असे समजून खाऊनपिऊन सुखी कुटुंबांनी निर्धास्त राहू नये. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. पुढे तो अन्नातून यावा लागतो. आपली उष्टावणाची चाल ह्या दृष्टीने अगदी वेळेवर येते. पण पुष्कळ घरांत उष्टावणाचा सोहळा होतो आणि मूल पुन्हा दुधावरच राहते. दिल्लीत म्हशीचे घट्ट दूध मुबलक. मूल दिवसाकाठी लिटरभर दूध पिते याचे आईला भूषण वाटते. वस्तुतः दुधात लोह अत्यल्प असते, आणि दुधाने पोट भरलेले मूल भाकरी-वरणाला तोंड लावीत नाही. असे गुटगुटीत मूल आतून रक्तक्षयी असू शकते. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध देऊ नये, ते एवढ्याचसाठी.

आता मातीकडे वळू. खेड्यातील मातीत मुख्य भय जंतांचे. उघड्यावर शौचास बसण्याने जंतांची अंडी जमिनीत जातात, तेथे दोन-चार आठवड्यांत पक्व होतात आणि मातीने माखलेल्या बोटांवाटे मुलाच्या पोटात शिरतात. शहराच्या मातीत याखेरीज आणखी एक शत्रू आहे: शिसे. दिल्लीत शिसेयुक्त पेट्रोल १९९८ मध्ये बंद झाले, देशात २००० मध्ये. परंतु शिसे कुजत नाही, विरत नाही, रस्त्याकडेच्या मातीत ते राहतेच. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा २०१७ पासून आली. त्यापूर्वीच्या भिंती आणि खिडक्या आजही पोपडे टाकीत आहेत, आणि शिशाच्या रंगाच्या पोपड्याला किंचित गोडसर चव असते. सीलमपूर, मंडोली ह्या भागांत जुने संगणक आणि यंत्रे फोडून धातू काढण्याचा धंदा चालतो. तेथील धुळीचा दोष तर विचारूच नये. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेले शिसे चार-पाच पट अधिक शोषून घेते, आणि लोहाची उणीव असेल तर त्याहूनही अधिक. त्याचा घाला पडतो तो वाढत्या मेंदूवर. बुद्धी, एकाग्रता, स्वभाव यांची हानी होते आणि ती बहुधा भरून येत नाही. शिशाचे निर्धोक प्रमाण असे काही नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. मुठीएवढ्या मातीचा प्रश्न असा आयुष्याएवढा होतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट, मुलाला मारू नये. माराने ओढ जात नाही. मूल चोरून खावयास शिकते एवढेच. आणि आईलाही बोल लावू नये. ‘तुझे लक्ष नसते,’ हे वाक्य घरोघरी तिच्या वाट्यास येते. त्या भयाने ती ही गोष्ट लपविते आणि उपचाराचे महिने फुकट जातात. दुसरी गोष्ट, वैद्याकडून रक्त तपासून घ्यावे आणि त्याच्या सल्ल्याने लोहाचे औषध पुरे काही महिने द्यावे. गाल लाल झाले म्हणून मध्येच थांबवू नये. अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात हे पातळ औषध मिळते. २०१५ पासून वर्षातून दोनदा जंतनाशक दिन पाळला जातो, त्या दिवशी वर्षावरील मुलांना गोळीही दिली जाते. तिसरी गोष्ट आहाराची: नाचणी, डाळी, पालेभाज्या, चालत असेल तेथे अंडे आणि मांस, वर लिंबू पिळावे; आणि मुलाच्या पेल्यात चहा मुळीच नको, कारण तो लोह अडवितो.

घरात जोडे बाहेर काढावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी, सुटलेले पोपडे ओलसर करून काढून टाकावेत, जेवणापूर्वी मुलाचे हात साबणाने धुवावेत. इतके करूनही ओढ न थांबल्यास, किंवा मूल बोलण्यात, समजण्यात मागे वाटल्यास, वैद्याला तसे मोकळेपणाने सांगावे. क्वचित मुलाच्या बौद्धिक वाढीचे वैगुण्य किंवा एकटेपणही ह्या सवयीच्या मुळाशी असते.

एका वस्तूच्या बाबतीत मात्र क्षणाचाही विलंब नको. खेळण्यातील किंवा घड्याळातील गोल चपटा सेल मुलाने गिळला, असा नुसता संशय आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत तिला जाळू शकतो. वांती करविण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये.

आणि इतके सांगितल्यावर मुलांना मातीपासून तोडून टाकावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. माती हे बाळपणाचे पहिले खेळणे आहे. स्वच्छ जागा पाहून मुलाला तीत बसू द्यावे, घरटी बांधू द्यावीत, हात माखू द्यावेत आणि नंतर ते धुवावेत. जे मूल मातीत खेळते त्याचे कौतुक करावे. जे मूल मातीच मागते त्याची मागणी समजून घ्यावी. त्याच्याजवळ शब्द नाहीत. आपल्या अंगात काय कमी आहे, हे ते त्याला ठाऊक असलेल्या एकाच रीतीने सांगत असते, आणि ते ऐकणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे.