पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री आणि मिठबावची परिषद



आधी एक गोष्ट सांगून टाकतो. जनरेटर आलेला आहे. हॉलच्या मागे आंब्याखाली जी घरघर ऐकू येतेय ती त्याचीच. कालपासून मला आलेल्या फोनांतले निम्मे त्याच्याचबद्दल होते, तेव्हा तो विषय मिटला असं धरून मी स्वागताकडे वळतो.

काल तिन्हीसांजेला आम्ही ग्रामदैवत रामेश्वराला परिषदेसाठी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे लग्न असो, नाटक असो, बोअरवेल असो, त्याशिवाय सुरुवात होत नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्या आमच्या मानकऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, सभा कसली म्हणून सांगू? मी म्हटलं, प्रोग्रॅमिंग लँग्वेजचा सिद्धान्त आणि रचना. ते क्षणभर थांबले, नारळ हातात घेतला आणि देवाला म्हणाले, ‘बा देवा रामेश्वरा, ही जी काय शिकलेल्या माणसांची सभा तुझ्या पायाकडे भरता हा, ती माणसां लांबसून इली हत, मशिनीची भाषा शिकवतत. त्यांका काय इडापिडा आसात ती दूर कर, काय चुकला माकला तर वाटेक लाव, आणि तीन दिस लाईट जावक देव नको, रे म्हाराजा.’ जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. परिषदेचं उद्दिष्ट इतक्या थोडक्यात छापील पत्रिकेतसुद्धा आलेलं नाही. जनरेटर तरीही आणला, कारण आमचा भरवसा देवावर आहे, तारांवर नाही.

मुंबई सोडून मिठबाव कशाला, असं काहींनी विचारलं. खरं कारण असं, की परिषदेच्या कार्यवाहांचं आजोळ इथलं आणि त्यांनी मामांना शब्द दिला होता. पण स्वागताध्यक्षानं गावाचे गुण सांगायचे असतात, म्हणून सांगतो. समुद्राच्या अंगावर कड्याशी उभं असलेलं गजबादेवीचं देऊळ पाहिल्याशिवाय कोणी परत जाऊ नये. तांबळडेगची वाळू आहे, तिथे पहाटे रापण ओढतात. ज्यांना दोरीला हात लावायचा असेल त्यांनी लावावा, मात्र भरतीची वेळ आमच्या मुलांना विचारून जावं. याच दिवसांत त्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात. कृपा करून रात्री किनाऱ्यावर मोबाईलची बॅटरी मारत फिरू नका. उत्तरेला कुणकेश्वर, त्याच्या पलीकडे देवगडचा किल्ला, आणखी वर विजयदुर्ग. विजयदुर्गावर हेलियम सापडला असं आम्ही पाहुण्यांना नेहमी छातीठोकपणे सांगतो. आज समोर इतके प्राध्यापक बसलेले असताना जीभ रेटत नाही. खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यानं पाहिली १८६८ साली, आपल्या इंग्लंडातून. पण त्याच्या दुर्बिणींसाठी बांधलेले साहेबाचे कट्टे अजून किल्ल्यावर आहेत, हेही तितकंच खरं, आणि सूर्याकडे बघायला जगाला आमच्याच तालुक्यात यावं लागलं हे आम्ही सोडणार नाही.

आता माझ्या आवडीच्या माणसाकडे येतो. कार्यवाहांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातली किती यात जातील ते सांगत नाही.

इथून तास-दीड तासावर, आमच्याच देवगड तालुक्यात, पोंभुर्ले नावाचं गाव आहे. १८१२ साली तिथे बाळशास्त्री जांभेकर जन्मले. तुम्ही म्हणाल, ते तर माहीत आहेत, ‘दर्पण’वाले, आद्य पत्रकार. बरोबर. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ निघालं, म्हणून महाराष्ट्रभर तो पत्रकार दिन. अजून आठवडाही झाला नाही, पोंभुर्ल्याच्या स्मारकाशी पत्रकार जमले, हार घातले, भाषणं झाली. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे. पत्रकारांनी आपला माणूस ओळखला आणि नेला, गणितवाल्यांनी मात्र तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष म्हणून मी या माणसाबद्दल हाताला लागेल ते वाचत आलो. पुराणिकाचा मुलगा, घरीच संस्कृत शिकलेला, तेराव्या-चौदाव्या वर्षी मुंबईला गेला, सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयानं इंग्रजी शिकला. विशीतच ‘दर्पण’ काढलं, आणि १८३४ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाला. त्या काळात तिथे हिंदी माणसानं शिकवणं म्हणजे काय, याचा अंदाज करा. गणित शिकवलं, ज्योतिष शिकवलं, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं. दादाभाई नौरोजी त्यांच्या हाताखाली शिकले, आणि पुढे त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. राजकारणातले दादाभाई सगळ्यांना ठाऊक आहेत, गणिताचे दादाभाई आमच्या पोंभुर्ल्याच्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही.

आणि पुस्तकं? ‘शून्यलब्धी’ या नावानं त्यांनी कलनशास्त्रावर मराठीत लिहिलं. मुलांसाठी ‘बालव्याकरण’ लिहिलं. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली. ताम्रपट आणि शिलालेख वाचले. १८४० पासून ‘दिग्दर्शन’ मासिकातून विज्ञान, भूगोल, इतिहास मराठीत आणला. आणि १८४६ च्या मे महिन्यात माणूस गेला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. आमच्याकडे या वयात मुलाचं नाव अजून वडिलांच्या सातबाऱ्याला लागलेलं नसतं.

मी मुद्दाम दोन पुस्तकं शेजारी ठेवली, व्याकरणाचं आणि गणिताचं. कार्यवाह महिन्याभरापूर्वी आमच्या पडवीत बसून मला तुमचा विषय समजावत होते, तेव्हा म्हणाले, काका, आमच्या शास्त्राला एक पाय व्याकरणात लागतो आणि एक गणितात. वाक्यरचना कोणती चालेल हे व्याकरणानं सांगायचं, आणि त्या वाक्याचा अर्थ काय हे गणितानं सिद्ध करायचं. मी म्हटलं, बाबा रे, असा माणूस आमच्या तालुक्यात होऊन गेला.

अशा सभांत पाणिनीचं नाव निघतंच. १९६७ साली इंगरमन नावाच्या एका साहेबानं पत्र लिहून सुचवलं होतं, की अल्गोल भाषेच्या वर्णनासाठी बॅकस यांनी जी नियम मांडण्याची पद्धत काढली, तिला पाणिनी-बॅकस पद्धत म्हणा, कारण पाणिनीनं असंच काहीतरी फार आधी केलं होतं. पाणिनी थोरच. पण पाणिनीचं गाव इथून फार लांब आहे, पोंभुर्ल्याला एस.टी. जाते.

कार्यवाहांनी मला कंपायलर म्हणजे काय तेही सांगितलं. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा आज्ञांत उतरवणारा प्रोग्रॅम. आणि त्यातली कळीची अडचण अशी, म्हणाले, की अलीकडचं आणि पलीकडचं तंतोतंत एकच सांगतंय याची खात्री कोण देणार? ऐकता ऐकता मला ‘दर्पण’चा अंक आठवला. एका पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी, एकात मराठी, मजकूर एकच. दोन्हीकडे एकच अर्थ राहील हे बघायला बाळशास्त्री बसलेले. तुमच्यापैकी झाविए लेरुआ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी भाषेसाठी कॉम्पसर्ट नावाचा कंपायलर केला, ज्यात अर्थ बिघडत नाही हे संगणकाकडूनच तपासून घेतलेल्या सिद्धतेनं दाखवलं आहे, असं मला कळलं. बाळशास्त्रींच्या वेळी अशी सिद्धता नव्हती, वाचक होते. त्यांची पत्रं यायची.

एवढ्यावर माझी एक मागणी आहे, आणि ती मी अध्यक्षांच्या समोर जाहीरपणे करतो, म्हणजे नंतर चहाच्या वेळी टाळता येणार नाही. यापुढे तुमची परिषद कुठेही भरो, त्यात एक व्याख्यान बाळशास्त्री जांभेकरांच्या नावानं ठेवा. वक्त्याच्या प्रवासाचा आणि मानधनाचा खर्च आमच्या गावचे आंबा बागायतदार उचलतील. मी त्यांना विचारलेलं आहे. तिघांनी होकार दिला, चौथ्यांनी ‘हंगाम बघून सांगतो’ म्हटलं, म्हणजे आमच्या भाषेत होकारच. वक्ता गणिताचा असावा आणि त्याला चार वाक्यं शुद्ध मराठी लिहिता यावीत, एवढीच अट.

आपल्या क्षेत्राबद्दल मी अधिक बोलणं बरोबर नाही. तरी महाराष्ट्रातल्या मंडळींची नावं घेतली नाहीत तर स्वागत अपुरं राहील. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच वर्षी पुण्यात टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र निघालं, आणि त्याच वर्षी आपल्या देशातली संगणकाच्या सिद्धान्ताची वार्षिक परिषद बंगळूरला सुरू झाली. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असा माझा दावा नाही, पण साल चांगलं होतं. त्या पुण्याच्या केंद्रात पुढे आलेले केशव नोरी यांनी त्याआधी झुरिचला सहकाऱ्यांबरोबर पास्कल-पी हा कंपायलर केला होता. कुठल्याही खऱ्या यंत्रासाठी न लिहिता एका कल्पित यंत्रासाठी लिहायचं, आणि मग ज्याला हवं त्यानं ते कल्पित यंत्र आपल्या संगणकावर उभं करायचं, अशी ती युक्ती. पास्कल भाषा त्यामुळे जगभर पोचली. मुंबईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे सरांनी केलेलं काम मला विशेष पटलं. एकदा केलेला हिशोब पुन्हा पुन्हा करण्यात यंत्राचा वेळ जातो, तो हिशोब शोधून काढायचा आणि एकदाच करायचा. आमच्या ग्रामपंचायतीत हे व्हावं अशी इच्छा आहे. त्याच संस्थेतले उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री साठे यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तक २००९ चं. आणि जानेवारी २०१५ मध्ये तुमच्या विषयातली जगातली मोठी परिषद, पॉपल, मुंबईत भरली होती. मुंबईनंतर मिठबाव हा क्रम आमच्या चाकरमान्यांना नवा नाही.

आता व्यवस्थेबद्दल, आणि हात जोडून. कणकवली स्टेशनपासून इथवरच्या वळणांनी काहींना त्रास झाला, दोघांना गाडी थांबवावी लागली, त्याची मला कल्पना आहे. लॉज पुरेसे नसल्यामुळे बहुतेकांची सोय घरांत केली आहे. सगळ्या घरांत कमोड नाहीत. ज्या घरांत आहेत ती वडीलधाऱ्यांना दिली, तरुण प्राध्यापकांनी समजून घ्यावं. विहिरीचं पाणी गोडं आहे, तरी प्यायचं पाणी उकळूनच देतो आहोत. मोबाईलची रेंज हॉलमध्ये एका कोपऱ्यात येते. तो कोपरा व्यासपीठाच्या डावीकडे आहे आणि तिथे आत्ताच गर्दी झालेली मला दिसते. ज्या पडद्यावर तुमची समीकरणं दिसणार आहेत तो नाट्यमंडळाचा आहे. खालच्या बाजूला रंगाचा डाग आहे, त्याला समीकरणाचा भाग समजू नये.

जेवणाबद्दल दिलगिरी थोडी मोठी आहे. आज सोमवार, रामेश्वराचा वार, त्यामुळे आज मासे नाहीत. काळ्या वाटाण्याचं सांबार, उकड्या तांदळाचा भात, घावणे आणि सोलकढी आहे. उद्या बांगडा आणि सुरमई, समुद्रानं साथ दिली तर. जे शाकाहारी आहेत त्यांची पंगत वेगळी, भांडी वेगळी, वाढणारे वेगळे, ही काळजी आमच्या महिला बचत गटानं घेतलेली आहे. आणि सगळ्यांनी मला स्टेशनवरच विचारलेला प्रश्न, हापूस कुठे आहे? हापूस झाडावर आहे, मोहोराच्या रूपात. परिषदेची तारीख मी ठरवलेली नाही. आंबापोळीची एकेक गुंडाळी तुमच्या पिशवीत घातली आहे, तिच्यावर या जानेवारीत भागवून घ्या.

देणगीदारांचे आभार मानायला माझ्याजवळ शब्द आहेत, वेळ नाही. मुंबईच्या आमच्या ग्रामस्थ मंडळानं गणपतीतच पावतीपुस्तकं छापली आणि वर्गणी गोळा केली. त्यातल्या निम्म्या लोकांना परिषद कसली ते माहीत नव्हतं, गावात काहीतरी होतंय एवढं पुरलं. मच्छीमार बांधवांनी उद्याची मासळी बाजारभावाच्या खाली द्यायचं कबूल केलं. मंडपवाल्यांनी ‘भाड्याचं नंतर बघू’ म्हटलं आहे, आणि त्याचा अर्थ आम्ही सगळे जाणतो. बागायतदारांनी खोल्या दिल्या, गाड्या दिल्या, गडी दिले. हायस्कूलच्या शिक्षकांनी रविवार घालवून बाकं धुतली. बचत गटाच्या बायका पहाटे तीनपासून घावण्यांचं पीठ वाटत आहेत. बाकी सर्वांची नावं दाराजवळच्या फळ्यावर लिहिली आहेत, आणि ती रकमेप्रमाणे न लावता वाडीवार लावली आहेत. हरिनाम सप्ताहाच्या यादीत नावांच्या क्रमावरून जे झालं ते पाहुण्यांसमोर व्हायला नको. कोणाचं नाव सुटलं असेल तर मला एकट्याला सांगा, माईकवरून सांगू नका.

शेवटची सूचना. बुधवारी दुपारी अडीच वाजता पोंभुर्ल्याला जायला गाडी सुटेल. गाडी एकच आहे. ज्यांना बाळशास्त्रींचं गाव पाहायचं असेल त्यांनी आज संध्याकाळपर्यंत कार्यालयात नाव द्यावं. वळणांचा त्रास होणाऱ्यांसाठी पुढची दोन बाकं राखून ठेवली आहेत, आलं-लिंबाच्या गोळ्या ड्रायव्हरकडे आहेत. आता उद्घाटक महोदयांना विनंती करतो की त्यांनी समई प्रज्वलित करावी. पंखे थोडा वेळ बंद करा रे, पोरांनो.