सणाचे ताट, घरचे द्यूत आणि थंडीतील गोव्याची सहल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या अनेक घरांतून अलीकडे एक नवी वहिवाट पडू लागली आहे. पूर्वी दिवाळीला वडील घरी जमणारी भावंडे आता नाताळच्या सुटीत गोव्यास जमतात. त्या मुक्कामातील एक रात्र पणजीजवळ मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजासाठी राखून ठेवलेली असते. या वहिवाटीचा धिक्कार करण्यासाठी मी उभा नाही, आणि तिची भलावण करण्याचाही माझा हेतू नाही. सणाच्या अन्नाने आणि सणाच्या खेळाने आपल्या कुटुंबासाठी कोणते कार्य केले, आणि ते कार्य ही नवी सहल करते काय, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम अन्नाचा विचार करू. फराळाच्या ताटातील अनारसाच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग निथळून सावलीत कापडावर पसरावयाचे आणि किंचित ओलसर असतानाच कुटावयाचे. ते पीठ चाळून, गूळ मिसळून, काही दिवस मुरू द्यावयाचे. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडला की उलटावयाचा नाही. झाऱ्याने वरच्या बाजूवर तूप उडवावयाचे. पीठ सैल झाले तर तो तुपात पसरून विरतो, आणि आपल्या बायका म्हणतात, 'अनारसा हसला!' लक्ष्मीपूजनाच्या ताटात अनारसे हवे असतील, तर वसुबारसेच्या कितीतरी आधी तांदूळ भिजले पाहिजेत. ज्या घरात अनारसे होतात, त्या घरात कोणीतरी दोन आठवडे पुढचा विचार करणारे असते, असा याचा अर्थ आहे.

तीच गोष्ट चकलीची. भाजणीचे तांदूळ आणि डाळी निरनिराळ्या भाजाव्या लागतात, कारण प्रत्येकीला लागणारी आच वेगळी. सोऱ्या एकाने दाबावा आणि तळण दुसऱ्याने सांभाळावे. करंज्यांचे काम तर एकट्यादुकट्याचे नव्हेच. एकीने पारी लाटावी, दुसरीने सारण भरावे, तिसरीने कातणीने कडा कापाव्या, आणि लहान मुलांनी तयार करंज्यांवर ओले फडके झाकावे. शेवटी करंज्यांच्या सोबतीला एक मोदक करावयाचा, ही रीत आजही कित्येक घरांतून पाळली जाते. हे पदार्थ बाजारात मिळतात आणि चांगले मिळतात. परंतु बाजारातून पदार्थ आणता येतो, ती बैठक आणता येत नाही. नव्या सुनेची सासरच्या माणसांशी खरी ओळख कित्येकदा या बैठकीतच झालेली आहे.

येथे एक सत्य स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्या चुलीपुढे पाठ कोणाची दुखत होती? पुरुषमंडळी ओसरीवर गप्पा मारीत आणि चकलीत मीठ कमी पडल्याचे सांगत. 'यंदा घरी काही करू नका, सरळ बाहेर जाऊ,' असा प्रस्ताव आला की घरातील स्त्रिया तो आनंदाने उचलून धरतात, याचे कारण या पाठदुखीत आहे. त्यांचा आनंद रास्त आहे. बंधूंनो, फराळाची परंपरा कॅसिनोने मोडली असे म्हणण्यापूर्वी, ती आपण एकाच बाजूच्या खांद्यावर किती वर्षे ठेवली, याचा हिशेब आधी करावा लागेल.

आता खेळाकडे वळू. जुगार ही आपल्या सणात बाहेरून शिरलेली गोष्ट नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात द्यूतकाराच्या दुःखाचे एक संपूर्ण सूक्त आहे. महाभारतातील सर्वनाशाचे मूळ सभापर्वातील फाशांत आहे, आणि नलराजाचे राज्यही फाशांनीच गेले. एवढा इशारा देणाऱ्या परंपरेने वर्षातील एक दिवस मात्र द्यूताला मोकळा ठेवला. कार्तिक शुद्ध प्रतिपदा, म्हणजे आपला दिवाळीचा पाडवा. तिला बलिप्रतिपदा म्हणतात, तसेच द्यूतप्रतिपदा असेही तिचे नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

या घरच्या द्यूताला मर्यादा होत्या, आणि त्या कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. दिवस एक. खेळणारी माणसे ओळखीची. आमच्या घरी कवड्या मांडल्या जात आणि पणाला चिंचोके, सुपाऱ्या, फार झाले तर सुटी नाणी. आजी खेळ पाहत बसे, आणि एखाद्याचा चेहरा उतरला की 'पुरे आता, पाने मांडा' असे म्हणून पट गुंडाळी. जिंकलेली नाणी भाऊबीजेच्या ओवाळणीत जात. पैसा या खिशातून त्या खिशात गेला तरी उंबऱ्याबाहेर गेला नाही. हरणारा आणि जिंकणारा एकाच पंक्तीला जेवले.

प्राचीन शास्त्रकारांना घरचा खेळ आणि धंद्याचा खेळ यांतील भेद पुरता ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताचा अड्डा राजाच्या देखरेखीखाली एके ठिकाणी असावा आणि द्यूताध्यक्षाने जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ घ्यावेत, असा नियम आहे. खेळ मांडून देणारा स्वतः न खेळता मिळवतो, हे तत्त्व आजच्या कॅसिनोतही तसेच आहे. फक्त त्याचा हात दिसत नाही. रूलेटच्या चाकावर ० ते ३६ अशी ३७ घरे असतात. एका आकड्यावर लावलेला पण लागला तर ३५ पट मिळते. सरासरीने ३७ डावांत एकदा आकडा लागतो, म्हणजे ३६ वेळा एकेक रुपया गेला आणि एकदा ३५ रुपये आले. उरलेला रुपया कॅसिनोचा. शेकडेवारीने हे २.७० होते. ज्या चाकावर शून्याची दोन घरे असतात, त्यावर ते ५.२६ होते. कौटिल्याने ठरविलेल्या दराच्या किती जवळ! मात्र कौटिल्याचा अधिकारी जिंकणाऱ्याकडून घेत असे. हे चाक प्रत्येक डावाच्या प्रत्येक पणातून काढून घेते.

समजा, एखाद्या गृहस्थाने तासाला ३० डाव, प्रत्येक डावास ५०० रुपये, असे चार तास खेळले. त्याच्या खिशात २०,००० रुपयेच असतील, पण पणाला लागलेली एकूण रक्कम ६०,००० रुपये झाली. एका शून्याच्या चाकावर तिच्यातून सरासरी १,६२० रुपये जातील, दोन शून्यांच्या चाकावर सुमारे ३,१५८. हा केवळ सरासरीचा हिशेब आहे. एखाद्या रात्री सर्व २०,००० जातील, एखाद्या रात्री दुप्पट होतील. परंतु जो जितका अधिक काळ बसेल, तो तितका सरासरीच्या जवळ ओढला जाईल. याला दैव म्हणू नये, हे अंकगणित आहे.

त्यावर कराचा भार आहे. कॅसिनोत चिपा घेण्यासाठी भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. चिपा परत केल्या तरी कराची आकारणी कमी होत नाही. जिंकलेल्या पैशांवर आयकर ३० टक्के, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

कायद्याचा इतिहासही बोधप्रद आहे. आपल्या महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना, आणि १९९६ साली जहाजांवरील खेळांना वाट करून दिली. मात्र २०२० साली त्याच गोवा शासनाने गोमंतकीयांना खेळाच्या दालनात प्रवेश बंद केला. जे दालन शासन आपल्या रहिवाशांसाठी बंद ठेवते, ते पाहुण्यांसाठी उघडे आहे. पाहुण्यांनी यावर शांतपणे विचार करावा.

जहाजावर अन्नाची ददात नसते. प्रवेशशुल्कातच भोजनाचा समावेश बहुधा असतो आणि नाना प्रकारचे पदार्थ मांडलेले असतात. पण ज्या गोव्यात आपण जातो, तेथील सणाचे अन्न त्या टेबलावर शोधू नये. गोव्यातील हिंदू घरांतून नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे दहन होते, पायाखाली कारीट फोडले जाते आणि मग फोव, म्हणजे पोहे, खाल्ले जातात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे, असे कितीतरी प्रकार. नाताळात ख्रिस्ती घरांतून कुसवार होते. त्यात दोदोल, बेबिंक आणि कलकलांबरोबर नेवरी असते, आणि नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीण. दिवाळीचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते आणि नाताळचे ताट हिंदू शेजाऱ्याकडे येते. सणाच्या ताटाचा धर्मच असा की ते उंबरा ओलांडते, पण रिकामे परतत नाही. जहाजावरच्या भोजनात भरपूर पदार्थ असतील, परंतु शेजारी नसतो.

तेव्हा करावे काय? सहल नकोच, असे मी म्हणणार नाही. मुले दूरदेशी असतात, त्यांना नाताळचीच सुटी मिळते. वर्षातून एकदा सर्वांनी एका ठिकाणी उतरावे, ही इच्छा चांगली आहे. आपल्यांतील काही कुटुंबांचे कुलदैवतही फोंडा तालुक्यात आहे. सकाळी कुलदेवतेचे दर्शन आणि रात्री जहाज, असा बेत त्यामुळेच सहज आखला जातो. माझे म्हणणे इतकेच की, आजीने ज्या मर्यादा पाळल्या, त्या आता आपण जाणूनबुजून घातल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा फराळाची. सहल कोठेही असो, त्याआधी एक दिवस सर्वांनी मिळून एक तरी पदार्थ करावा, आणि सोऱ्या पुरुषांच्या हाती द्यावा. तो डबा सहलीत बरोबर न्यावा.

दुसरी मर्यादा रकमेची. रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी खुले होते. त्याच दिवशी घरातील सर्व प्रौढांनी बसून प्रवास, मुक्काम, भोजन आणि खेळ यांच्या रकमा ठरवाव्या. खेळाची रक्कम नाटकाच्या तिकिटाप्रमाणे खर्ची पडली असेच समजावे. ती रोख न्यावी आणि पैसे काढण्याची कार्डे मुक्कामावर ठेवावी. मुलांची शाळेची फी, आजाऱ्याचे औषध किंवा कर्जाऊ पैसा यांतून एक रुपयाही तीत नसावा.

तिसरी मर्यादा वेळेची. परतण्याची वेळ आधी सांगावी, आणि ती पाळून घेण्याचा अधिकार न खेळणाऱ्या एका माणसास द्यावा. 'एवढे भरून काढतो आणि उठतो' हे वाक्य कोणी उच्चारले की उठण्याची वेळ टळून गेली असे समजावे.

चौथी मर्यादा मनाची. एकविसाच्या आतील मुलांना तेथे प्रवेश नाहीच, पण त्यांच्यासमोर जिंकल्याच्या बढाया मारू नयेत. ज्याला आपले घरचे कोणी या खेळात गुंतले आहे असे वाटते, त्याने लाजेने ते झाकू नये. १४४१६ हा केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तेथे मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. आपल्या मंडळातही असे दुःख विश्वासाने सांगता येईल, असे वातावरण हवे. घरचा पट गुंडाळणारी आजी आता घरोघरी नाही. तिचे काम ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी अंगावर घेतले, तर अशी संमेलने भरविण्याचे सार्थक होईल.

येत्या पाडव्याला आपल्या घरी कवड्यांचा पट आणि अनारशांचे ताट, दोन्ही मांडली जावोत, अशी सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.