पडद्याअलीकडचं माणूस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



वर्गात बोलतो म्हणून ज्याला बाकावर उभं केलं जायचं, त्याच्याच हातात आज तुम्ही माईक दिलाय. दहा मिनिटांत आटोपतो.

बॅचच्या वर्गणीतून एखाद्या आरोग्य उपकेंद्राला टेलिमेडिसिनचं यंत्र भेट द्यावं, अशी सूचना ग्रुपवर आली आहे. मी आठवड्यातून काही तास ई-संजीवनीवर रुग्ण बघतो, म्हणून यावर मी बोलावं असं ठरलं. सूचना मनापासून केलेली आहे. पण पैसे देण्याआधी हे काम चालतं कसं ते ऐका.

दुरून उपचार हा प्रकार खानदेशाला अगदी नवा नाही. इस्रोच्या उपग्रहाच्या मदतीनं मुंबईचं केईएम आणि काही जिल्हा रुग्णालयं जोडली गेली, तेव्हा सुरुवातीच्या रुग्णालयांत आपलं नंदुरबारही होतं. अडचण एवढीच, की धडगावच्या माणसाला आधी नंदुरबार गाठावं लागायचं. ई-संजीवनीनं हे काम उपकेंद्रापर्यंत खाली नेलं. मैदानी भागात साधारण 5,000 आणि आदिवासी, डोंगरी भागात 3,000 लोकवस्तीला एक उपकेंद्र असतं. 25 मार्च 2020 ला केंद्राची टेलिमेडिसिनची नियमावली आली आणि 13 एप्रिलला घरबसल्या सल्ल्याची ओपीडी सुरू झाली. फेब्रुवारी 2023 पर्यंत देशात 10 कोटी सल्ले झाले.

आकडा मोठा आहे. पण 10 कोटी वेळा कॉल लागला म्हणजे 10 कोटी वेळा उपचार झाला, असं मी म्हणणार नाही. उद्दिष्ट भरायचं म्हणून घाईघाईत लावलेले कॉल मी घेतले आहेत. समोर रुग्णच नसतो, नुसती तक्रार टाइप केलेली असते. अशा कॉलवर गोळी लिहिणं म्हणजे अंधारात सुई ओवणं.

चांगला कॉल कसा असतो ते सांगतो. यावल तालुक्यातल्या एका उपकेंद्रातून सीएचओ मॅडमनी, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी, एका आजीबाईंना समोर बसवलं. मी विचारलं, काय त्रास होतो? आजीबाई म्हणाल्या, "छातीमा दुखस." मला अहिराणी कळते, पण हाच कॉल मुंबईच्या डॉक्टरकडे गेला असता तर? आणि सातपुड्यातली पावरी तर मलाही कळत नाही. तिथे मॅडमच दुभाष्या असतात. त्यांनी रक्तदाब दोनदा मोजला होता, साखर तपासली होती, आजीबाईंच्या पिशवीतल्या जुन्या गोळ्या टेबलावर मांडल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी गोळी बंद केली, हेही त्यांनीच काढून घेतलं होतं. मी पहिला शब्द बोलायच्या आत निम्मं निदान झालेलं होतं. ईसीजीसाठी आजीबाईंना त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. सोबत कोण जाणार, ते आशाताईंनी ठरवलं.

पिंप्राळ्याच्या माणसांना हे रथाच्या भाषेत सांगतो. आषाढी एकादशीला दोर ओढायला सगळा गाव असतो. पण चाकाखाली वेळेवर मोगरी घालणारा नसेल, तर रथ कुणाच्या ओट्यावर चढेल सांगता येत नाही. डॉक्टर दोर ओढणाऱ्यांतला आहे. मोगरी मॅडमच्या हातात आहे.

आता हे कुठे चालत नाही, तेही सांगितलं पाहिजे. अर्धांगवायूचा झटका, साप चावणं, अडलेली बाळंतीण, यात व्हिडिओ कॉल लावत बसू नका. 108 लावा. झटक्यात गुठळी विरघळवण्याचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. नार्कोटिक गटातली औषधं तर दुरून लिहायला नियमानंच बंदी आहे, त्यामुळे वर्गमित्र म्हणून गळ घालू नका. आणि हो, ग्रुपवर रात्री अकराला रिपोर्टचा अर्धा फोटो टाकून "बघ रे जरा" म्हणणं, याला टेलिमेडिसिन म्हणत नाहीत!

उलट रक्तदाब, मधुमेह, त्वचेचे आजार, सुरू असलेल्या औषधांचा फेरआढावा, यात ही सोय फार उपयोगी आहे. दर महिन्याला जळगावला यायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाबरोबर मुलाचीही रोजंदारी बुडते. मग फेरी चुकते, गोळी सुटते, आणि एक दिवस झटका येतो. मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेली-मानसचा नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे. कापसाचं पीक हातचं गेलं की घरातला कर्ता माणूस गप्प होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तो नंबर आजच फोनमध्ये जतन करा.

राहिला वर्गणीचा प्रश्न. यंत्राच्या बाजूनं माझं मत नाही. बऱ्याच उपकेंद्रांत टॅब किंवा लॅपटॉप आधीच आहे. वीज गेली की तो बंद, पट्ट्या संपल्या की ग्लुकोमीटर पेटीत. आपण दिलेलं नवं यंत्र वर्षभरानं कपाटात गेलं, तर त्यावरचं बॅचचं नाव तेवढं चमकत राहील. त्यापेक्षा मॅडमना विचारू, काय अडतंय. वस्तू द्यायच्या त्या उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीमार्फत, रीतसर नोंद करून.

मी एका उपकेंद्रात विचारून आलोय. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली, ती खजिनदारांकडे देतो. पहिल्या ओळीत इन्व्हर्टरची बॅटरी आहे, दुसऱ्या ओळीत साखर तपासायच्या पट्ट्या, आणि तिसऱ्या ओळीत रुग्णांना बसायला एक बाक.