मुदतवाढीचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या सोहळ्यात आम्हांला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. व्यासपीठावर बोलणारी व्यक्ती एक असली, तरी हे भाषण आम्ही उभयतांनी मिळून तयार केले आहे. म्हणून यात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. १९९६ साली नोकरीनिमित्त आम्ही हे विशाखापट्टण सोडून बँकॉकला गेलो आणि २०२१ साली परत आलो. मध्ये पंचवीस वर्षे गेली. थायलंड पाहून आलेले अनेकजण या सभागृहात असतील. मंदिरे, बाजार आणि समुद्रकिनारे यांचे वर्णन त्यांच्यापाशी आमच्याहून ताजे असेल. प्रवाशाला जे दिसत नाही, परंतु तेथे राहणाऱ्या परक्या माणसाला जे एक दिवसही विसरता येत नाही, तेवढेच आज सांगावे असा आमचा विचार आहे.

प्रथम एक सुखद फसवणूक सांगतो. बँकॉकला उतरल्यावर मराठी माणसाला क्षणभर असे वाटते की, आपण आजोळीच आलो आहोत. तेथला रविवार म्हणजे ‘वान आथित’, अर्थात आदित्यवार. सोमवार ‘वान चान’, मंगळवार ‘वान आंखान’, शुक्रवार ‘वान सुक’. महिन्यांची नावे राशींवरून आलेली. जानेवारी हा ‘मकराखोम’, मार्च ‘मीनाखोम’, एप्रिल ‘मेसायोन’. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, विद्यापीठाला शब्द ‘महाविथ्थयालाय’, आणि तेथील सरकारी ललितकला विभागाच्या बोधचिन्हात साक्षात गणपती विराजमान! कागदपत्रांवर साल असते ते बुद्धसंवत्सराचे, आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढचे. आम्ही गेलो तेव्हा तेथे २५३९ चालू होते.

पण शब्द ओळखीचे वाटले, म्हणून भाषा आपली होत नाही. थाई भाषेत पाच सूर आहेत. ‘मा’ हाच उच्चार सपाट सुरात केला तर ‘येणे’, चढत्या सुरात केला तर ‘कुत्रा’ आणि उंच सुरात केला तर ‘घोडा’. पहिल्या वर्षी आम्ही पाहुण्यांना ‘या’ म्हणताना काय काय म्हटले असेल, ते त्या सुसंस्कृत लोकांनी आम्हांला कधी कळू दिले नाही. जेवणाचीही तीच तऱ्हा. भाजी मागवावी तर तीत ‘नाम प्ला’, म्हणजे मासळीचे पाणी, मिठासारखे घातलेले. पुढे कळले की, पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ असे लिहिलेले दुकान शोधावे; तेथे मांस-मासळी तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या सासूबाई एकदा राहायला आल्या, तेव्हा त्या पताकेने आमची लाज राखली.

हे सगळे शिकता येते. जे शिकून भागत नाही, ते निराळे आहे.

थायलंडमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याची परवानगी साधारणपणे एका वर्षाची मिळते. वर्ष संपण्यापूर्वी कंपनीची पत्रे, कराच्या पावत्या आणि छायाचित्रे यांचा गठ्ठा घेऊन मुदतवाढ मागावी लागते. नोकरी सुटली की त्या नोकरीच्या आधारावर मिळालेली मुदतही संपते. याखेरीज १९७९ च्या कायद्याप्रमाणे दर नव्वद दिवसांनी ‘आम्ही अमुक ठिकाणी राहतो’ असे कळवावे लागते. घरात परदेशी माणूस राहायला आला, की चोवीस तासांच्या आत त्याची वर्दी घरमालकाने द्यायची. मुदत उलटल्यावर राहणाऱ्यास रोज पाचशे बात दंड, वीस हजारांच्या मर्यादेपर्यंत. परदेशी माणसाला जमीन सहसा आपल्या नावावर घेता येत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, परंतु एका इमारतीतील विकाऊ क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांहून अधिक परदेशीयांकडे जाऊ शकत नाही. केस कापण्यापासून प्रवाशांना स्थळे दाखविण्यापर्यंत अनेक कामे केवळ थाई नागरिकांसाठी राखून ठेवलेली आहेत.

हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. आपला देश कसा चालवावा हा त्यांचा अधिकार आहे, आणि आम्हांला कोणी आग्रहाने बोलाविले नव्हते. पण पंचवीस वर्षे ज्या घरात आम्ही चैत्रात गुढी उभारली, ते घर आम्ही पंचवीस वेळा मागून घेतले, ही गोष्ट खरी आहे.

परदेशी म्हटले तरी सारे एका माळेचे मणी नव्हेत. आमच्या सुखुम्वित भागात जपानी कुटुंबे पुष्कळ. त्यांची स्वतःची दुकाने आणि शाळेच्या बसगाड्या होत्या. त्यांच्या बदल्या ठरलेल्या वेळी होत, त्यामुळे मुले मैत्री करतानाच निरोपाची तारीख जाणून असत. उत्तरेकडे चिआंग माईला आणि समुद्रकाठी हुआ हिनला युरोपातले निवृत्त लोक राहतात. पन्नाशी ओलांडलेल्या अशा माणसाने वर्षभराच्या मुदतवाढीसाठी आठ लाख बात बँकेत ठेवायचे, किंवा दरमहा पासष्ट हजारांचे उत्पन्न दाखवायचे. त्यांचे सारे लक्ष चलनाच्या भावाकडे. १९९७ च्या जुलैत बातची घसरण झाली, तेव्हा पौंडात निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची चंगळ झाली आणि बातमध्ये पगार घेऊन गावी पैसे धाडणाऱ्या आमच्यासारख्यांची तोंडे उतरली. या सर्वांहून संख्येने मोठा वर्ग ब्रह्मदेश, कंबोडिया आणि लाओसमधून आलेल्या मजुरांचा. इमारती तेच बांधतात, मासळी तेच निवडतात. आमच्या तक्रारी त्यांच्यापुढे मांडण्याची आम्हांला लाज वाटावी, अशी त्यांची स्थिती होती.

आणखी एक वर्ग होता, तो सीमेवर जाऊन येणाऱ्यांचा. ज्यांच्यापाशी लांब मुदतीचा व्हिसा नाही, ते पहाटेच्या गाडीने अरण्यप्रथेतला जात, कंबोडियात पाऊल टाकत, आणि नवा शिक्का घेऊन रात्री घरी येत. कित्येकांनी अशी वर्षे काढली. पुढे नियम कडक झाले. २०२५ साली त्या दोन देशांत सशस्त्र संघर्ष होऊन ती वाटही बंद झाली. शिक्क्यावर उभारलेले घर असे असते.

आता आमची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर आम्ही येथे उभे आहोत.

थायलंडमध्ये वर्षाची परवानगी हातात असली, तरी देशाबाहेर पाऊल टाकताच ती रद्द होते. तसे होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. एका खेपेचा एक हजार बात, अनेक खेपांचा तीन हजार आठशे. आम्ही काटकसर करून एका खेपेचा घेत असू. २००८ च्या गणेशोत्सवाला आम्ही येथे येऊन गेलो आणि तो परवाना वापरला गेला. नवा घेऊ, घेऊ म्हणत राहून गेला.

त्या वर्षी २५ नोव्हेंबरच्या रात्री निदर्शकांनी सुवर्णभूमी विमानतळाचा ताबा घेतला आणि उड्डाणे थांबली. दुसऱ्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. एका वाहिनीवर बंद पडलेले विमानतळ, दुसऱ्या वाहिनीवर जळणारी मुंबई, आणि आम्ही दादर-पार्ल्याच्या नातेवाइकांना एकामागून एक दूरध्वनी करीत होतो. अशात २७ तारखेला येथून दूरध्वनी आला. मातोश्रींना पक्षाघात झाला होता. आमच्यापैकी एकाची ती जन्मदात्री, पण आई दोघांचीही.

परवान्यावाचून निघालो असतो तर परतण्याचा हक्क गेला असता. नोकरी आणि मुलीची शाळा दोन्ही टांगणीला लागली असती. आज मोठ्या विमानतळावरही हा परवाना मिळतो, पण तेव्हा विमानतळच बंद होते. शुक्रवारी पहाटे आम्ही सुआन फ्लू गल्लीतल्या तेव्हाच्या इमिग्रेशन कचेरीच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. तीन पारपत्रे, तीन अर्ज, तीन छायाचित्रे. दहा वर्षांच्या मुलीलाही परवाना वेगळा. रांग भली मोठी. पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध युरोपियन गृहस्थाने आमचे चेहरे पाहून कारण विचारले आणि काही न बोलता आपल्या क्रमांकाची चिठ्ठी आमच्या हातात ठेवली. खिडकीमागच्या बाईंनी कागद तपासले, एक प्रत कमी आहे म्हणून परत केले, आणि आम्ही धावत जाऊन ती काढून आणेपर्यंत आमची जागा राखून ठेवली. नियम त्यांनी मोडला नाही; माणुसकीही मोडली नाही.

विमाने त्या दिवसांत उ-तापाओ नावाच्या नौदलाच्या लहानशा तळावरून सुटत होती. आमच्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी स्वतः गाडी काढली, दोन तासांहून अधिक चालविली, आणि आम्ही आभार मानू लागलो तेव्हा ‘माई पेन राई’, म्हणजे ‘त्यात काय एवढे’, असे म्हणून केळीच्या पानात बांधलेला भात मुलीच्या हातात दिला. मागाहून लक्षात आले की, त्यात नाम प्ला नव्हते. त्या ठिकाणी हजारो माणसे बॅगांवर बसून होती. आम्हांला जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी रात्री. दोन ठिकाणी विमाने बदलून सोमवारी, १ डिसेंबरला, आम्ही घरी पोचलो. आई रविवारी सायंकाळी गेली होती.

त्या तीन दिवसांत काय घडले, ते येथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. रुग्णालयात पाळ्या लावून मंडळातल्या मंडळींनी जागरणे केली. वडिलांना जेवायला घातले. शेजारच्या तेलुगू कुटुंबाने आपल्या घरातले लग्नाचे बोलणे पुढे ढकलले. आईच्या अखेरच्या क्षणी तिचा हात आमच्या हातात नव्हता. तो या मंडळातल्या एका काकूंच्या हातात होता. त्या आज हयात नाहीत. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडले नसते, म्हणून घेत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक शिस्त लागली. अनेक खेपांचा परवाना वर्षाच्या आरंभीच घ्यायचा. पारपत्रे, त्यांच्या प्रती, छायाचित्रे आणि थोडे रोख पैसे एका पिशवीत घालून ती दाराशी टांगायची. परदेशी निघालेल्या येथल्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे की, तिकिटाच्या आधी ही पिशवी तयार करा. पण पिशवीलाही मर्यादा असते. ४ एप्रिल २०२० पासून थायलंडने बाहेरून येणारी प्रवासी विमाने बंद केली. देशात अडकलेल्या परदेशीयांना सरकारने त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत मुदतीची सवलत दिली, ही उदारताच म्हटली पाहिजे. परंतु जे गावी गेले होते ते कित्येक महिने बाहेरच राहिले. त्यांची घरे, मुलांची दप्तरे, कुंडीतली तुळस सारे कुलपाआड. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाची तुळस तेव्हा त्यांच्या थाई शेजाऱ्याने गच्चीतून पाईपने पाणी घालून जगविली.

असो. या सर्वांतून आम्ही काय शिकलो? परक्या देशात राहण्याची परवानगी सरकार देते, पण तेथे राहणे शक्य करतात ती शेजारपाजारची माणसे. रांगेतला तो वृद्ध, खिडकीमागच्या त्या बाई, गाडी काढणाऱ्या घरमालकीणबाई, यांपैकी कोणाचाही शिक्का आमच्या पारपत्रावर नाही.

आणि दुसरी गोष्ट, ती आपणां सर्वांविषयी. महाराष्ट्रापासून दूर राहणारे आपण कधीकधी स्वतःला येथे परके म्हणवून घेतो. मुलांना मराठी लिहिता येत नाही, पुरणपोळीसाठी चांगला गूळ मिळत नाही, गावाकडची गाडी वेळेवर सुटत नाही. ही दुःखे खरी आहेत. पण गेल्या पन्नास वर्षांत आपल्यापैकी कोणालाही या शहरात राहण्यासाठी मुदतवाढ मागावी लागली नाही, आणि गावी आई आजारी पडली म्हणून निघताना परत येण्याचा परवाना खिशात आहे ना, हे चाचपावे लागले नाही. या मोकळेपणाची किंमत आम्हांला समुद्रापलीकडे जाऊन कळली. तो मोकळेपणा ज्यांच्याजवळ नाही, असे मजूर याही शहरात, आपल्या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर, ओडिशातून आणि बिहारमधून आलेले आहेत. कायद्याने ते मोकळे आहेत. पण त्यांच्या आईचा हात धरायला कोणते मंडळ आहे?

मंडळाने पुढील पन्नास वर्षांसाठी संकल्प मागविले आहेत, असे कार्यक्रमपत्रिकेत वाचले. आमचा संकल्प लहान आहे. रुग्णालयात पाळी लावणाऱ्यांची जी यादी २००८ साली आमच्या आईसाठी झाली होती, ती मंडळाने कायमची करावी, आणि तीत मराठी-अमराठी असा भेद ठेवू नये. पहिली दोन नावे आमची लिहून घ्यावीत.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.