कोड बरोबर, तरी इन्स्टॉल फेल का?

इंदापूरच्या एका मुलीचा मेसेज आला: "दादा, बारामतीला कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट मस्त चालतो. घरच्या नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलच होत नाही. परवा सबमिशन आहे. कोड परत लिहू का?"

अजिबात नको! मी आधी दोन्हीकडचं पायथन व्हर्जन विचारलं. लॅबमध्ये ३.११, घरी ३.१२. आणि पॅकेजच्या यादीत नम्पाय १.२४ फिक्स केलेलं.

आता बघा काय होतं. या जुन्या नम्पायचं ३.१२ साठी तयार पॅकेजच नाही. मग पिप सोर्स कोड उतरवतं आणि तुमच्याच मशीनवर बिल्ड करायला बसतं. ती बिल्ड स्क्रिप्ट चालते डिस्टयुटिल्सच्या जिवावर. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून डिस्टयुटिल्स काढूनच टाकलंय. म्हणजे तुमच्या कोडची पहिली ओळ चालायच्या आधीच गाडी बंद!

उपाय दोन. सबमिशन तोंडावर असेल तर ३.११ शेजारी टाका, त्याचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, यादीला हात लावू नका. निवांत वेळ असेल तर नम्पाय १.२६ घ्या. ते ३.१२ वर चालतं. त्याचं बिल्ड मेसनवर नेलंय. पण मग प्रोजेक्ट पूर्ण तपासून घ्या.

तिला मी पहिला उपाय सांगितला. तुम्हीही एरर दिसली की लाल मजकूर वरपासून वाचा. 'डिस्टयुटिल्स सापडत नाही' असं दिसलं, तर कोड पुसायची घाई करू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!